न गळणारं पान



अध्यक्षांनी आधी आभार मानायचे आणि मग विषयाचं महत्त्व सांगायचं, अशी रीत आहे. आभार मनापासून मानते. महत्त्व सांगत नाही. ज्यांच्या नात्यागोत्यात कॅन्सर फिरकलेलाच नाही असे किती जण इथे बसले असतील? मी नाशिकरोडची पॅथॉलॉजिस्ट. ‘तुकडा तपासायला दिलाय’ असं तुम्ही म्हणता ना, तो तुकडा पाहणारी बाई. पेशंटशी माझी गाठ क्वचित पडते, त्यांच्या गाठींशी रोज.

माझी पहिली तक्रार भाषेची आहे. पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःहून मरते, त्याला इंग्रजीत ‘प्रोग्राम्ड सेल डेथ’ म्हणतात. आपण त्याचं ‘पूर्वनियोजित पेशीमृत्यू’ करून टाकलं. पूर्वनियोजित म्हटलं की मला कट आणि पंचनामा आठवतो. ज्यांनी ही घटना नीट ओळखली, त्यांना शब्दाची जास्त कदर होती. १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टेअर करी या तीन पॅथॉलॉजिस्टांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये निबंध लिहिला. नावासाठी त्यांनी ॲबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांना, जेम्स कॉरमॅक यांना गाठलं. त्यांनी शब्द दिला ‘अपॉप्टोसिस’. झाडावरून पानं किंवा फुलावरून पाकळ्या गळणं, असा त्याचा अर्थ. म्हणजे पानगळ! आणि नाशिक जिल्ह्यात पानगळ कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

सटाण्याकडे माझ्या धाकट्या चुलतभावाची डाळिंबाची बाग आहे. बहार धरायच्या आधी तो पाणी तोडतो, बागेला ताण देतो, मग इथ्रेल हे पानगळीचं औषध मारतो. काही दिवसांत पानं पिवळी पडतात आणि झाडाखाली सडा पडतो. अशाच एका पानगळीला मी बागेत होते. एक फांदी मोडून लोंबत होती. तिची पानं वाळून कडकडीत झाली होती, हात लावला की चुरा व्हायची, पण एकही गळलं नव्हतं. मी कारण विचारलं. तो म्हणाला, “मेलेल्या फांदीचं पान गळत नाही, ताई. गळायलासुद्धा जीव लागतो.”

तीन पॅथॉलॉजिस्टांच्या निबंधाचं सार त्याने एका वाक्यात सांगितलं होतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर कामाला लागतो, सांधा सैल करतो, तेव्हा पान सुटतं. इथ्रेलमधून निघणारा इथिलीन वायू नुसता निरोप पोचवतो. गळवण्याचं काम झाडच करतं. पेशीचंही तेच. भाजलं, रक्तपुरवठा तुटला, तर पेशी फुगून फुटते, भोवती सूज येते. गळणाऱ्या पेशीला मात्र शेवटपर्यंत ऊर्जा लागते. स्लाइडवर ती आकसलेली, गडद गुलाबी दिसते. केंद्रकाचे जांभळे मणी झालेले, भोवती पातळ मोकळी कड. सूज नाही, गाजावाजा नाही. शेजारच्या पेशी तिचे तुकडे गिळून टाकतात आणि काही तासांत मागमूस उरत नाही. गर्भात आपली बोटं सुटी होतात, तीही मधल्या पेशी अशा गळतात म्हणून.

दुसरी तक्रार कॅन्सर समजावण्याची. पेशंटच्या घरच्यांना आपण सांगतो, ‘पेशी बेसुमार वाढल्या.’ हे अर्धंच सांगणं झालं. जमेचा आकडा सांगितला, खर्च बंद पडला ते सांगितलंच नाही. १९८८ साली ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉक्स, सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी बीसीएल-२ या जनुकाबद्दल दाखवून दिलं की ते पेशीला भराभर वाढवत नाही. तिला मरू देत नाही. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरच्या, एका प्रकारात नेमकं हेच जनुक अडून बसलेलं असतं.

दुसरं नाव पी-५३. ते समजावताना मी आपल्या नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसकडे बोट दाखवते. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात. छपाईत दोष निघालेली नोट फाटकाबाहेर पडत नाही, नष्ट होते. २००६ पासून तिच्या जागी क्रमांकात तारा असलेली नोट बंडलात बसते. पी-५३ हे पेशीतलं तपासणी खातं. डीएनए बिघडला तर ते आधी ‘थांब’ म्हणतं. दुरुस्ती जमेना तर ‘गळ’ म्हणतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरांत हे खातंच बिघडलेलं असतं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे खातं बहुधा शाबूत असतं, पण एचपीव्ही विषाणूचं ई-६ हे प्रथिन पेशीकरवीच पी-५३ मोडीत काढवतं. १९५१ साली बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, हेन्रिएटा लॅक्स यांच्या अशाच गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी आजही जगभर वाढताहेत. पुण्याच्या संशोधक कमल रणदिवे, पॅथॉलॉजिस्ट वसंत खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या, त्याच गाय यांच्याकडे शिकायला गेल्या होत्या. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली.

आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आधाराने झाला, २००९ साली छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पी-५३ हे नाव त्यांतल्या किती जणींच्या कानावर गेलं असेल? न गेल्याने काही बिघडलं नाही.

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, ‘औषध लागू का पडत नाही?’ किमोची पुष्कळ औषधं पेशीचा डीएनए बिघडवतात. मरायचं ते पेशीनेच मरायचं असतं. म्हणजे इथ्रेलच. निरोप ऐकणारं खातंच बंद असेल, तर औषध कितीही कडक द्या. आता उलट्या बाजूनेही प्रयत्न होताहेत. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२चा अडसर काढतं. २०१६ साली अमेरिकेत ते एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी मान्य झालं. पण हिशेब इतका सरळ नाही. बर्किट लिम्फोमात गळणाऱ्या पेशी इतक्या असतात की त्या गिळणाऱ्या फिकट पेशींमुळे स्लाइड चांदण्या रात्रीसारखी दिसते, आणि तरीही गाठ झपाट्याने वाढत असते. मेलेल्या पेशी मोजून दिलासा देऊ नका, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

हे सगळं मी भावालाही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “इथ्रेल मारूनही काही पानं चिकटूनच राहतात. आम्ही त्याला बाया लावतो, काट्यांतून हात घालून एकेक ओरबाडतात. तुमच्यात कोण काढतं?”

मी म्हटलं, “सर्जन.”

“मग त्यांचा रोज काय?”