गवत किती वाढू द्यायचं?



ऑगस्ट २०२१ मधली ती शनिवारची सकाळ आठवते का? टोकियो ऑलिंपिकमध्ये बेंगळुरूची अदिती अशोक गोल्फ खेळत होती आणि तिची पिशवी खांद्यावर घेऊन तिची आई सोबत चालत होती. अदिती चौथी आली. एका फटक्यानं पदक हुकलं. आपल्यातल्या कितीतरी जणींनी हा खेळ त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. आम्हाला प्रश्न पडला तो गवताचा. मधली पट्टी एवढी छान कापलेली, मग कडेला गवत का माजू दिलंय?

ते मुद्दाम वाढवलेलं असतं. त्याला म्हणतात रफ. चेंडू कमीत कमी फटक्यांत छोट्याशा खळग्यात घालायचा, हा खेळ. फटका सरळ गेला तर चेंडू कापलेल्या पट्टीवर राहतो, वाकडा गेला तर रफमध्ये जातो. विळ्याला ओलं गवत कसं गुंडाळतं, ते आपल्याला ठाऊकच आहे. तसंच ते काठीला गुंडाळतं आणि चेंडू नीट उडत नाही. म्हणजे हा चुकीचा दंडच.

पण दंड किती असावा? यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ विंग्ड फूट नावाचं मैदान आहे. १९७४ साली तिथल्या मोठ्या स्पर्धेत गवत इतकं दाट होतं की जिंकणारा हेल अर्विनसुद्धा ठरलेल्या फटक्यांपेक्षा सात फटके जास्त खेळला. लोक म्हणाले, ही तर कत्तल झाली! २००६ साली त्याच मैदानावर गवत पायरीपायरीनं वाढवलं. पट्टीलगत आखूड, लांब गेलं की उंच. चूक जेवढी, दंड तेवढा.

२०२० साली तिथेच ब्रायसन डिशॅम्बो जिंकला. ५६ पैकी फक्त २३ वेळा त्याचा पहिला फटका पट्टीवर पडला होता! मग जिंकला कसा? अंगात जोर. चेंडू इतका लांब मारायचा की पुढचा फटका जवळूनच उरायचा, आणि तो गवत कापत चेंडू बाहेर काढायचा. मैत्रिणींनो, इथे आम्ही थबकलो. दाट गवत सगळ्यांना सारखंच दिसतं, पण ज्याच्या मनगटात ताकद त्याला ते कमी अडवतं. जिचा फटका आखूड, ती हातभर चुकली तरी अडकते.

मग गवत काढूनच टाकायचं का? तसंही नाही. चुकीला काहीच किंमत नसेल तर नेम धरून मारणारीचं कौशल्य वाया जातं.

नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्टनं वेगळी वाट काढली. तिथल्या दोन नंबरच्या मैदानावरचं दाट रफ काढून मूळची वाळू आणि रानगवताचे झुबके राहू दिले. पाण्याचे हजारावर फवारे होते, ते निम्म्याहून कमी झाले. २०१४ साली तिथे आधी पुरुषांची आणि लगेच पुढच्या आठवड्यात बायकांची मोठी स्पर्धा झाली. मिशेल वी आघाडीवर होती आणि शेवटच्या दिवशी तिचा चेंडू झुबक्यात अडकला. तिनं एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू मोकळ्यावर सोडला. त्या खळग्यावर दोन फटके गेले, पुढच्यावर एक परत मिळवला आणि ती जिंकली. दंड झाला, पण डाव संपला नाही.

आता आपल्या बचत गटाकडे बघू या. हप्ता चुकला की दंड असतो, आणि तो असावाच, नाहीतर वेळेवर भरणारीवर अन्याय होतो. पण एक दिवस उशीर झालेलीला आणि तीन महिने न भरणारीला एकच दंड कसा चालेल? जिच्या घरी दोन पगार आहेत, ती दंड हसत भरते. रोजानं जाणारी मात्र दुसऱ्या बैठकीला यायचंच बंद करते.

दंड असा हवा की चुकलेली बाई पुढच्या बैठकीला परत येईल. येत्या बैठकीत आपल्या गटाचा दंडाचा नियम काढा आणि एकदा मोठ्यानं वाचा. आपलं गवत किती वाढलंय, ते सगळ्या जणी मिळून ठरवा.