राणी हिराईच्या गावात आपले स्वागत



वृद्धांच्या आरोग्यावरची ही परिषद चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, भरते आहे, याचा आम्हा सर्वांना मनस्वी आनंद आहे. आमचे गावच एका दुखण्यातून वसले. बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या गाठींनी हैराण होता. झरपट नदीच्या पात्रातले पाणी लागले आणि गाठी गेल्या, अशी आख्यायिका आहे. तिथेच अंचलेश्वराचे देऊळ झाले आणि पुढे परकोटाचे शहर. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे दरवाजे पाहिल्याशिवाय कृपया जाऊ नका.

आणि राणी हिराईला विसरू नका. बीरशहाच्या मागे दत्तक रामशहा लहान असताना तिने राज्य सांभाळले, महाकालीचे देऊळ बांधले, अंचलेश्वराजवळ पतीची देखणी समाधी उभारली. ताजमहालाची कीर्ती जगभर गेली. पत्नीने पतीसाठी बांधलेल्या या वास्तूचे नाव मात्र जिल्ह्याबाहेर फारसे पोचले नाही. चैत्रात थेट नांदेडकडून महाकालीच्या यात्रेला येणारी माणसे हिराईच्याच पुण्याईवर येतात.

आता आपल्या विषयाकडे वळतो. शेजारच्या गडचिरोलीत वसा आणि अमिर्झा या गावांतल्या स्त्रियांना डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तपासले. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग, पण आधी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के. अमर्त्य सेन यांनीही दाखवले आहे की सुशिक्षित केरळात माणसे आजार जास्त सांगतात, बिहारात कमी. आमच्या भागातली म्हातारी माय “बरं आहे जी” म्हणते, तेव्हा तेंदूपानांचा हंगाम बुडेल, लेकाला नागपूरच्या उपचारांचा खर्च झेपणार नाही, ही काळजी त्या उत्तरात असते. तिचे ‘बरं’ तिच्या कनवटीच्या पैशांसह मोजा, एवढीच माझी विनंती.

निवासाची सोय दोन मंगल कार्यालयांत विभागावी लागली, वरच्या मजल्याला लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या पाहुण्यांना तळमजल्यावर जागा बदलून देऊ, संकोच न करता सांगा. उकाडा फार आहे, कूलर कमी पडले, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. तांदूळ देणारे मूल-सिंदेवाहीचे शेतकरी, वर्गणी देणारे कोळसा खाणींचे कामगार, व्यापारी, निवृत्त शिक्षक, सांबारवडी करणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, पाण्याचे टँकर पुरवणारे तरुण मंडळ, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर उदार मनाने सांभाळून घ्यावे.

आपल्या चर्चेतून आमच्या खेड्यांतल्या वृद्धांच्या दारापर्यंत तपासणी पोचो, ही प्रार्थना करून आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!