जोडणीच्या जुन्या मोटारसायकलीची पारख

(आंबोली येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सावंतवाडीकडून आलेल्यांनी दाणोलीनंतरचा घाट चढून, तर आजरा व बेळगावकडून आलेल्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावरून आज आंबोली गाठली आहे. आपल्यापैकी अनेकजण दुचाकीवरूनच आले असतील. या डोंगराळ भागात शिक्षकाला शाळा, तलाठ्याला सजा आणि पंचायत सदस्याला वाडीवस्ती गाठावयाची, तर मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहत नाही. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी व दणकट गाडी शोधली जाते. अलीकडे अशा गाडीला हौसेचे मोलही आले आहे. परिणामी एकाच गाडीच्या दोन किमती झाल्या: एक कामाच्या गाडीची, दुसरी संग्रहाच्या गाडीची. विकणारा बहुधा दुसरी किंमत मागतो आणि हाती पहिली गाडी देतो. हा फरक कसा ओळखावा, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

माझ्या उमेदीच्या काळात मी स्वतः अशी एक गाडी घेतली होती. टाकीवरील सोनेरी पट्टे आणि इंजिनाचा ठेका यांवर मी भाळलो. गाडी नावावर करून घेताना आढळले, की नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक एक आणि प्रत्यक्ष इंजिनावरील क्रमांक दुसराच. विकणारा तोवर गाव सोडून गेला होता. गाडी वर्षभर पडवीत उभी राहिली. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

जोडगाडी निर्माण का झाली?

निरनिराळ्या गाड्यांचे भाग एकत्र करून उभी केलेली गाडी, म्हणजे जोडगाडी, ही मुळात लबाडीतून जन्मली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३-एल यांसारख्या ब्रिटिश गाड्या लिलावात निघाल्या. पुढे आयातीवर निर्बंध आले आणि सुटे भाग दुर्मीळ झाले. मग कारागिरांनी लेथवर बुश कातले, एका गाडीचा पिस्टन दुसरीत बसविला, दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी केली. १९५५ साली मद्रास येथे एनफिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६० नंतरच्या दशकात म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि जावा-येझदीच्या मालकांपुढेही तोच प्रश्न उभा राहिला. गरजेपोटी केलेल्या या जोडणीत कौशल्य होते आणि त्याचा आदरच केला पाहिजे. दोष जोडणीत नाही. जोडणी लपवून तिला ‘अस्सल’ म्हणण्यात आहे.

प्रथम क्रमांक, मग रंग

म्हणून पाहणीचा आरंभ रंगापासून नव्हे, तर क्रमांकापासून करावा. सांगाड्यावरील आणि इंजिनावरील क्रमांकांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला ठसा नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावा. अक्षरे वाकडीतिकडी असतील, भोवती कानस किंवा ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील, वेल्डिंगचा थर दिसत असेल, तर सौदा तेथेच थांबवावा. अशा गाडीला कोणतीही किंमत योग्य नव्हे, कारण ती चोरीची असू शकते.

इंजिन बदललेले असल्यास त्या बदलाची नोंद झाली आहे काय, हे पाहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरफारावर निर्बंध आहेत, आणि परवानगीविना इंजिन बदलल्यास चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे मालकावर बंधनकारक आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. बुलेटच्या सांगाड्यात शेतीपंपाचे डिझेल इंजिन बसविलेल्या गाड्या आजही कोठे कोठे दिसतात. त्यांचे मोल ठरविताना हे ध्यानी ठेवावे.

आपला हा भाग तीन राज्यांच्या सीमेवरचा आहे. गोवा किंवा कर्नाटकातील गाडी घेताना तेथील नोंदणी प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. ते केव्हा झाले होते, हेही विचारावे.

सांगाडा आणि आटे

कागद निर्दोष ठरल्यावर लोखंडाकडे वळावे. आंबोलीचा पाऊस आणि मालवण-वेंगुर्ल्याचा खारा वारा या दोहोंची कुऱ्हाड सांगाड्यावरच पडते. नळ्या बाहेरून रंगविलेल्या असतात, गंज आतून चढतो. नळीवर हलकेच ठोकून पाहावे. आवाज एखाद्या जागी बद्द आला किंवा रंगाला फोड दिसला, तर तेथे अधिक तपास करावा. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढील चाकापर्यंत आणावी. दोन्ही चाके एका रेषेत नसतील, तर सांगाडा वाकलेला आहे किंवा चाक दुसऱ्या गाडीचे आहे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. ते अडखळत असेल, तर बेअरिंग गेलेले आहे.

जोडगाडीची खरी कसोटी तिच्या नट-बोल्टांत असते. जुन्या बुलेटचे आटे ब्रिटिश मापाचे, जावाचे मेट्रिक मापाचे. एकाचा बोल्ट दुसरीत जोर करून बसविला, तर तो आज घट्ट भासतो आणि उद्या खड्ड्यात आटे सोडतो. विजेचेही तसेच आहे. जुनी यंत्रणा सहा व्होल्टची आणि दिवा बारा व्होल्टचा असेल, तर तो काजव्यासारखा मिणमिणतो. आंबोलीच्या धुक्यात ही उणीव जिवावर बेतू शकते.

इंजिन थंड असताना

गाडी पाहावयास जाण्यापूर्वी ती तापवून ठेवू नये, असे विकणाऱ्यास सांगावे. गरम इंजिन दोष लपविते. किक मारताना पायाला भक्कम विरोध जाणवला पाहिजे. चारटप्पी इंजिनातून निळसर धूर सतत येत असेल, तर तेल जळत आहे. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचे दर्शवितो. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असल्याने तो दुसऱ्या गाडीचा असणे सहज शक्य असते. म्हणून प्रत्येक गिअर टाकून पाहावा आणि तो भाराखाली सुटत नाही ना, याची खात्री करावी.

घाटाची परीक्षा

सपाटीवर ब्रेक तपासून झाल्यावरच गाडी दाणोलीकडून घाटाच्या पायथ्याशी न्यावी. चढावर क्लच घसरतो काय, हे कळते. उतारावर ब्रेक तापून निकामी होतात काय, हे कळते. जुन्या ड्रम ब्रेकवर सगळा भार टाकू नये, खालच्या गिअरचा आधार घ्यावा. जावा, येझदी, राजदूत या दोनटप्पी गाड्यांत तेल पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवल्यास पेट्रोलबरोबर तेलही कमी जाते आणि पिस्टनला वंगण पुरेसे मिळत नाही. म्हणून अधूनमधून किंचित अॅक्सिलरेटर द्यावा.

किंमत कशी ठरवावी?

संग्रहाच्या गाडीविषयी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये नियम केले आहेत. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत क्रमांक मिळतो. सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. शिवाय त्या मालिकेतील वाहन रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. याचा अर्थ सरळ आहे. जोडगाडीला संग्रहाची किंमत द्यावयाची नाही आणि शाळेला जाण्यासाठी संग्रहाची गाडी घ्यावयाची नाही.

कामाच्या गाडीचा हिशेब कागदावर मांडावा. त्याच नमुन्याच्या, कागदपत्रे पूर्ण असलेल्या आणि चालत्या गाडीला आपल्या भागात मिळणारी किंमत प्रथम लिहावी. तीतून टायर, ब्रेक, विद्युत जोडणी, इंजिन दुरुस्ती, नूतनीकरण व हस्तांतरण यांचा खर्च वजा करावा. कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे विकणाऱ्याकडून लिहून सही घ्यावी. तो लिहून देण्यास तयार असेल, तर जोडगाडी घेण्यास कमीपणा मानू नये. अशा कित्येक गाड्या वर्षानुवर्षे प्रामाणिक सेवा देत आहेत. तो टाळाटाळ करील, तर नमस्कार करून परत फिरावे.

मित्रहो, गावात एखादा तरुण जुनी गाडी पाहावयास निघाला, की सल्ल्यासाठी तो शिक्षकाकडे किंवा सरपंचाकडे येतो. त्या वेळी त्याच्या हाती एक कोरा कागद आणि एक पेन्सिल द्यावी. तेवढ्याने त्याचे पैसे वाचतील आणि कदाचित घाटातील एक अपघातही टळेल.