वेळासचा मुक्काम

थंडी सरता सरता बदलापूर गावातील माणसास समुद्र पाहण्याची लहर आली, म्हणजे त्याचे पाऊल सहसा अलिबागेकडे वळते. आणि तेथील गर्दीत खोली मिळवितानाच त्याचा निम्मा उत्साह सरतो. त्याने एकदा पनवेलवरून कोकणचा रस्ता धरून मंडणगड तालुक्यातील वेळास गाठावे. बाणकोटच्या किल्ल्याजवळचे, नाना फडणीसांचे हे गाव.

येथे उतरावयाचे ते गावकऱ्याच्या घरी. जेवण घरचे, साधे; मासळीची अपेक्षा धरू नये. हा पाहुणचार फुकट नव्हे, माणशी पैसे द्यावे लागतात, आणि खरी गोम त्यातच आहे. पूर्वी या किनाऱ्यावर कासवांनी घातलेली अंडी लोक उकरून नेत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ती राखण्याचे काम हाती घेतले. मादी वाळूत शंभरेक अंडी घालून समुद्रात परतते, ती पुन्हा तिकडे फिरकत नाही. ती अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. ती पाहावयास येणाऱ्यांच्या मुक्कामातून घरोघर चार पैसे येऊ लागले, तेव्हा ही राखण गावाच्या स्वतःच्या हिताची झाली.

फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. तरी निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी. सकाळ-सायंकाळ घरट्यावरील टोपली उचलतात. कधी खाली नुसती वाळूच निघते. शहरी पाहुणे अशा वेळी कुरकुरतात; यजमान मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हाक मारतो.