वर्गात आधी बोलायचं कुणी?

शिक्षकांचं हे संमेलन उत्तनमध्ये आहे. समोर समुद्र, जवळच चौकचा धारावी किल्ला आणि वाऱ्यावर सुक्या बोंबलांचा वास. जेवणापर्यंत त्याची सवय होते, असा यजमानांचा अनुभव आहे.

संवादकौशल्य म्हटलं की शिक्षकाचा खणखणीत आवाज आणि शुद्ध उच्चार डोळ्यांसमोर येतात. मुलाच्या बोलण्याचा विचार बहुधा नंतर होतो.

भरती-ओहोटीची व्याख्या विचारली की कोळीवाड्यातलं पोर मान खाली घालतं. त्यालाच ‘डोलजाळं कधी ओढायचं?’ असं विचारून पाहावं. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आत शिरते आणि पाणी उलटायच्या आत ते ओढून घ्यावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जबर, अष्टमीच्या भांगाला मंद. एवढं पोरानं सांगितलं की भूगोलाचा निम्मा धडा झालाच. पुस्तक मग उघडलं तरी चालतं.

मुलापासून सुरुवात करण्याची ही रीत जुन्या ठाणे जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. सोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणशाळा निघाली. अलीकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी मुलांची घरची भाषा कन्नड म्हणून पाठ्यपुस्तकांतला मजकूर कन्नडमध्ये आणला. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला.

मुलानं बोलावं म्हणून शिक्षकाला थांबावंही लागतं. अमेरिकेत शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास वर्गातली शांतता चक्क मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. पट मोठा, पोर्शन उरलेला आणि तपासणीला साहेब येणार, अशा वेळी तीन सेकंदही महाग पडतात, हे स्वागत समितीतल्या शिक्षकांना पुरतं ठाऊक आहे.

म्हणूनच संमेलनातल्या गटचर्चेचा पहिला अर्धा तास तज्ज्ञ मार्गदर्शकांनी फक्त ऐकायचं आणि शिक्षकांनी वर्गात अडलेला एकेक प्रसंग सांगायचा, अशी आखणी केली आहे. मार्गदर्शकांनी राग मानू नये. जेवण एक वाजता. शाकाहारी पंगत वेगळी आहे.