खोली पाहायला वेळ लागतो



  पचनसंस्थेच्या एंडोस्कोपीतील त्रिमितीय प्रतिमांचा आढावा मी परिषदेच्या या अध्यक्षीय भाषणात घ्यावा, अशी अपेक्षा आहे. घेतो, पण बरीच वर्षे मनात साचलेले आज बोलणार आहे.

१९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण वापरली. आमच्या गुरूंच्या पिढीने एक डोळा मिटून जठर पाहिले. १९८३ मध्ये स्कोपच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सेन्सर आला आणि चित्र पडद्यावर गेले. राहिले मात्र सपाटच. आता टोकाशी दोन भिंगे बसवतात आणि खास चष्म्यातून खोली दिसते. सबम्यूकोसल डिसेक्शन, म्हणजे अस्तराखालच्या थरातून (सबम्यूकोसातून) गाठ सोलून काढणे, शिकणाऱ्याला याचा उपयोग आहे. सुरी सबम्यूकोसात आहे की स्नायूच्या थराला टेकली आहे, हे वेळीच कळले नाही तर आतड्याला छिद्र पडते. एवढे मान्य करून आढावा इथेच थांबवतो.

निदानासाठीही हे त्रिमितीय यंत्र हवेच, असा सूर काल दिवसभर ऐकला. मला तो पटत नाही. जठराच्या कॅन्सरची सबम्यूकोसातली घुसखोरी ५०० मायक्रोमीटरच्या आत आहे की पलीकडे, यावर एंडोस्कोपीने भागेल की पोट उघडावे लागेल, हे बरेचसे ठरते. अर्ध्या मिलिमीटरचा हा प्रश्न पृष्ठभागाखालचा आहे. चष्मा पृष्ठभागच दाखवतो.

माझ्याकडे एक शेतकरी आले होते. बाहेरच्या अहवालात चार फोटो होते आणि ‘उथळ व्रण’ असा शेरा. फोटोत खरोखर तसेच दिसत होते. मी जठरात भरपूर हवा भरली. भोवतालची भिंत ताणून सपाट झाली, तेवढा भाग मात्र पठारासारखा उचललेलाच राहिला. हवा काढली, पुन्हा भरली, तो हलेना. नंतर इंडिगो कार्मिन फवारले. निळा रंग खळग्यात साचला आणि कड स्पष्ट झाली. बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत तो सबम्यूकोसात खोलवर गेलेला आढळला. तिथे वापरलेला स्कोप साधाच होता. लागला तो वेळ, आणि तोच आपण रुग्णाला देत नाही.

सकाळी रुग्णांची लिस्ट लागते, बाहेर उपाशीपोटी माणसे बसलेली असतात आणि रेसिडेंटवर ‘पुढचा घ्या’ असा धोशा असतो. कपाटात रंगाची बाटली नसते. स्प्रे कॅथेटर असला तर पाकीट फोडलेले नसते. गाठीची उंची बंद फोर्सेप्सच्या २.५ मिलिमीटरशी ताडून पाहावी, असे पॅरिस वर्गीकरण सांगते. फोर्सेप्स तर प्रत्येक खोलीत आहे! तरी किती अहवालांत उंची लिहिलेली सापडते? हवा भरता-काढताना भिंत कशी वागते, हे स्थिर फोटोत उतरत नाही, आणि आपण नव्या मुलांना फोटोंवरच शिकवतो. त्यांच्या हातात त्रिमितीय यंत्र दिले तरी ती घाईच करतील, कारण आपण त्यांना घाईच शिकवली आहे. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आपल्या संघटनेने हवा भरता-काढतानाच्या हलत्या चित्रफितींचा मराठी निवेदनासह एक संग्रह करावा, असे मी सुचवतो. तो कुठे ठेवायचा, खर्च कोणी उचलायचा, हे कार्यकारिणीने पाहावे. माझ्याकडच्या फिती मी देईन. लिस्ट किती लांब असावी, याचाही विचार व्हायला हवा.

बाहेरच्या दालनात नवी यंत्रे मांडली आहेत. ती जरूर पाहा, परवडली तर घ्या. पण सोमवारी कामावर गेल्यावर आधी इंडिगो कार्मिन मागवा आणि संशय येईल त्या रुग्णासाठी पुढचा रुग्ण थांबवा.