घर पाहावे तपासून



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन कामांत किती पैसा जातो आणि किती दमछाक होते, ते स्वतः केल्यावाचून कळत नाही, असा तिचा अर्थ. आज आम्ही लग्नाविषयी बोलणार नाही. घराविषयी बोलणार आहोत. त्यात पैशाचे बोलणे थोडे आहे. जिवाचे बोलणे जास्त आहे.

आपल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांना नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या बाजूच्या माणसांना ते दिवस सांगायला नकोत. जमिनीतून गुरगुर आवाज यायचा, आणि भांडी खणखणायची. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आले. त्यांनी यंत्रे बसवली. १ फेब्रुवारी २०१९ या एका दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतला मोठा ४.१ चा होता. त्या दिवशी भीतीने पळताना पडून एक लहान मुलगी दगावली. माणसे थंडीत घराबाहेर झोपली. सरकारने तंबू दिले. पोरांची शाळा उघड्यावर भरली.

आता विचार करा. माणसे घर कशासाठी बांधतात? ऊन, पाऊस, थंडी, जनावर यांपासून जीव वाचावा म्हणून. आणि तीच माणसे घराला भिऊन बाहेर झोपली. असे का झाले?

धक्क्यांनंतर आम्ही आणि गावातली चार जाणती माणसे पाड्यापाड्यांतून घरे पाहत फिरलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. एकाच पाड्यावर, हाकेच्या अंतरावर दोन घरे. जमीन तीच, धक्का तोच. एका घराला केसाएवढी चीर. दुसऱ्याची भिंत कोपऱ्यातून फाटलेली, हात आत जाईल एवढी. जमीन हलणे आपल्या हाती नाही. पण भिंत कशी बांधावी, हे माणसाच्या हाती आहे.

आपली जुनी कुडाची घरे आठवा. कारवीच्या काठ्या, त्यांवर शेणमातीचा लेप, लाकडी मेढी आणि वर गवत नाहीतर कौले. ते घर हलके असते, आणि सगळे एकमेकांना बांधलेले असते. जमीन हलली तर ते करकरते, डोलते, फार तर माती गळते. कुडाला वाळवी लागते, आग लागते, दरसाल डागडुजी करावी लागते, हे खरे. परत कुडाचेच घर बांधा असे आम्ही म्हणत नाही. पण त्या घराचा गुण घ्या. तो गुण म्हणजे भिंतीला भिंत घट्ट बांधलेली असणे.

लातूर जिल्ह्यात किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेत गेली. तिथल्या भिंती हात-दीड हात जाड, दगडाच्या होत्या. दिसायला किल्ल्यासारख्या. पण दगड नुसत्या मातीत बसवलेले. आतला थर आणि बाहेरचा थर यांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर मातीचे जड धाबे. धक्का बसला आणि भिंत दोन बाजूंना उकलली. म्हणजे भिंत जाड असली की मजबूत असते, असे नाही.

आता आपल्या विटांच्या घरांकडे या. एका पाड्यावर एका आजीचे घरकुल पाहिले. भिंतीचा सांधा आम्ही साध्या खिळ्याने खरवडला. माल पिठासारखा गळू लागला. आजी म्हणाली, "गुरुजी, रंग तर छान दिला होता." काम एका माणसाने उक्ते घेतले होते. शेजारी तिची सून उभी होती. तिने पडलेली वीट उचलली, दुसऱ्या विटेवर वाजवली आणि म्हणाली, "ही अर्धी भाजलेली. आम्ही भट्टीवर ही बाजूला काढतो." सून दर वर्षी वीटभट्टीवर जाते. तिला विटेची पारख होती. पण घर बांधताना तिला कोणी विचारलेच नाही, आणि तीही बोलली नाही. पक्क्या घरातले आपल्याला काय कळते, असे तिला वाटले.

मंडळी, हाच आपला मोठा तोटा आहे. आपल्यातली कितीतरी माणसे भिवंडी-वसईकडे भट्टीवर जातात, बांधकामावर जातात. दुसऱ्याच्या घराच्या विटा आपण पाडतो. मग स्वतःच्या घराच्या वेळी गप्प का बसायचे? बाजारात चिकू घेताना आपण दाबून बघतो. घर घेताना दाबून बघायला लाज कसली?

काय काय बघायचे, ते सांगतो.

वीट : दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर वीट कच्ची. लावण्यापूर्वी वीट पाण्यात भिजवलीच पाहिजे. कोरडी वीट मालातले पाणी पिऊन टाकते.

रेती : मुठीत घेऊन चोळा. हाताला चिखल लागला तर रेती मातकट. किंवा बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवा व ठेवून द्या. वर गाळाचा जाड थर बसला तर ती रेती नको. आपल्याला समुद्र जवळ आहे. किनाऱ्याची रेती फुकट मिळते, पण तिच्यातले मीठ लोखंड खाते. ती घेऊ नका.

सिमेंट : गोणीवर कधी बनले ते छापलेले असते. कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी, ते आकडे वाचा. तीन महिन्यांहून जुने घेऊ नका. हात घातल्यावर गाठी लागल्या तर ती गोणी परत करा. विटेच्या भिंतीला एक घमेले सिमेंट असेल तर रेती सहा घमेली, त्याहून जास्त नको. घमेली मोजायला घरातले पोर बसवा. कालवलेला माल तासाभरात वापरला गेला पाहिजे. सुकला म्हणून पुन्हा पाणी ओतून वापरू देऊ नका.

भिंत : वरच्या विटेने खालचा सांधा झाकला पाहिजे. सांध्यावर सांधा आला तर चीर तिथूनच जाते. कोपऱ्यात दोन्ही भिंतींच्या विटा एकमेकींत गुंतल्या पाहिजेत. ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते पाहा.

पट्टी : ही सर्वांत महत्त्वाची. जोत्यावर एक आणि दारे-खिडक्यांच्या वर एक, अशी काँक्रीटची पट्टी घराला सगळीकडून फिरली पाहिजे. तीन इंच जाड, आत लांब दोन सळया, आणि सहा-सहा इंचांवर आडव्या कड्या. सळई कोपऱ्यात तोडायची नाही, वळवून पुढे न्यायची. कमरेला करदोटा असतो ना, तशी. पैसे वाचवायला पुष्कळ जण फक्त दारावर तुकडा टाकतात. तुकड्याने भिंतीला भिंत बांधली जात नाही.

पाणी : बांधलेल्या भिंतीला निदान सात दिवस पाणी मारा, काँक्रीटला दहा ते चौदा दिवस. हे काम कुणाच्या डोक्यावर येते, ते आम्हांला ठाऊक आहे. बायांच्या. मे महिन्यात विहिरी आटतात. प्यायला पाणी नाही तिथे भिंतीला कुठले? म्हणून हप्ता मिळाला की शक्यतो दिवाळीनंतर, विहिरीला पाणी आहे तोवर काम उरका. आणि हंडे पुरुषांनीही उचला. भिंत सगळ्यांच्याच डोक्यावर असते.

गवंड्यावर सगळा दोष टाकणे बरोबर नाही. उक्त्या कामात त्याला घाई असते. रेती आणणारा वेगळा, सिमेंट आणणारा वेगळा. पण धनी शेजारी उभा राहिला, घमेली मोजू लागला, की हात आपोआप नीट चालतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या नावे बँकेत येतात. घर लाभार्थ्याने स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचे, ठेकेदार नेमायचा नाही, असा त्या योजनेचा नियम आहे. तरी कोणी गोड बोलून पासबुक मागतो, अंगठा मागतो. देऊ नका. कामाचे फोटो काढले जातात, हे चांगले आहे. पण फोटोत भिंत दिसते, भिंतीतली रेती दिसत नाही. गिलावा झाल्यावर तर डोळ्यांनाही काही दिसत नाही. म्हणून तपासणी गिलाव्याच्या आधी झाली पाहिजे. जोते झाल्यावर एकदा, खिडकीपर्यंत भिंत आल्यावर एकदा, पट्टीची सळई टाकल्यावर एकदा. पाड्यावरची चार माणसे बोलवा. त्यांत भट्टीवर काम केलेली एक बाई असू द्या. चूक दिसली तर त्याच दिवशी सांगा. ओली भिंत उतरवायला एक दिवस लागतो. वाळलेली कोणी उतरवत नाही.

ज्यांचे घर आधीच बांधून झाले आहे, त्यांनी चिरा पाहाव्यात. नुसत्या गिलाव्याची बारीक चीर असेल तर भिऊ नका. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, आतबाहेर दोन्हीकडून दिसणारी, किंवा दर महिन्याला रुंद होणारी चीर धोक्याची. तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख लिहा. चीर खुणेच्या पुढे गेली, की ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि घर इंजिनिअरला दाखवा. तोवर त्या भिंतीजवळ अंथरूण घालू नका, पोरांना तर मुळीच झोपवू नका. फळीवरची जड भांडी खाली ठेवा.

तुम्ही आता अक्षरे शिकलात. अंक शिकलात. नाव लिहिता येते, सही करता येते, एवढ्यावर थांबू नका. गोणीवरची तारीख वाचा, पासबुकातला हप्ता वाचा, आणि भिंतीवर स्वतःच्या हाताने तारीख लिहा. आज घरी गेल्यावर एक खिळा घ्या आणि गिलावा नसेल तिथे सांधा खरवडून बघा. माल घट्ट लागला तर निवांत झोपा. भुगा पडला तर उद्या सकाळी चार माणसे बोलवा.